‘सिटीज : स्कायलाइन्स’ : नाहीशा होणाऱ्या मोटारी

फिनलंडमधील कलॉसल ऑर्डर या कंपनीने २०१५ मध्ये सादर केलेल्या ‘सिटीज : स्कायलाइन्स’ या संगणकीय खेळात खेळाडू नगररचनाकार असतो, आणि त्याची खरी कसोटी वाहतुकीतच लागते. प्रत्येक वाहनाचा मार्ग पाहता येत असल्याने कोंडीचे मूळ शोधता येते. खेळाचे हे सामर्थ्य निर्विवाद आहे. तथापि, वाहन फार काळ अडकले की ते पडद्यावरून नाहीसे होते आणि जागा न मिळाल्यास नागरिक मोटार जणू खिशात घालून चालू लागतो. खऱ्या शहरात मोटार दिवसाचा बहुतांश काळ उभीच असते व जागा अडवते. वाहतूकप्रश्नाचा हा गाभाच येथे गळला आहे. संगणकाच्या मर्यादेसाठी केलेली तडजोड म्हणून त्याचे समर्थन करता येईल. परंतु त्यामुळे मोटारकेंद्रित शहर आहे त्याहून सुसह्य भासते, हा दोष उरतोच. खेळाडूंनीच रचलेल्या एका पूरक प्रणालीने वाहनांचे हे नाहीसे होणे थांबवता येते. तसे करताच सुरळीत वाटणारी शहरे अनेकदा तुंबतात. २०२३ च्या दुसऱ्या खेळात मात्र वाहनतळ बांधता येतात व मोटार उभी करण्याचे शुल्कही प्रवाशाच्या निवडीवर परिणाम करते.