ऐकलेला एक्स-रे

लोणावळ्याच्या कैवल्यधामातून स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये ‘योगमीमांसा’ हे इंग्रजी त्रैमासिक सुरू केले. उड्डियान आणि नौली करताना मोठ्या आतड्यातील द्रव्य कुठे सरकते, हे त्यांनी क्ष-किरणांनी तपासले होते. ते प्रयोग या त्रैमासिकाने चित्रांसह मांडले. दावा वाचणाऱ्याला पुरावाही तिथेच पाहता येत होता. रेडिओलॉजीच्या आजच्या पॉडकास्टना ही सोय नाही. मग चित्रावर उभे असलेले शास्त्र नुसते ऐकून शिकता येते का?

सरसकट उत्तर देता येणार नाही. उत्तर अमेरिकेतील रेडिओलॉजिकल सोसायटीच्या ‘रेडिओलॉजी’ या नियतकालिकाचा पॉडकास्ट नव्या शोधनिबंधांवर बोलतो. अभ्यासाचा प्रश्न, रुग्णांची निवड, निष्कर्षांच्या मर्यादा हे सारे शब्दांत मावते, म्हणून प्रवासात ऐकूनही समजते. ‘बॅकटेबल’मध्ये रक्तवाहिन्यांतून उपचार करणारे डॉक्टर आपापसांत बोलतात. कोणती तार का निवडली, गुंतागुंत झाली तेव्हा काय केले, हे पाठ्यपुस्तकात सहसा न येणारे ज्ञान तिथे मिळते. ‘रेडिओपीडिया’चा ‘रीडिंग रूम’ गप्पांच्या अंगाने जातो; पण फ्रँक गेलार्ड यांनी २००५ मध्ये सुरू केलेल्या त्या संकेतस्थळावर प्रतिमांचा मोठा साठा विनामूल्य आहे. ऐकलेले तिथे पडताळता येते.

मर्यादा कळण्यासाठी एक उदाहरण पुरे. द्रुतगती मार्गावरच्या अपघातातील जखमीचा छातीचा एक्स-रे पुष्कळदा खाटेवरच काढावा लागतो. फुप्फुसाबाहेर हवा साठली असेल, तर फुप्फुसाच्या कडेची बारीक पांढरी रेषा दिसू शकते आणि तिच्याबाहेर रक्तवाहिन्यांच्या खुणा नसतात. पाठीच्या त्वचेची घडी कॅसेटवर दबली, तरी तशीच काहीशी कडा उमटते. मात्र ती रेषा नसते. पांढुरका पट्टा एकाएकी संपल्याची सीमा असते आणि खुणा तिच्यापलीकडेही जातात. हा नियम कानाने पाठ होतो. रेषा आणि सीमा यांतला फरक डोळ्यालाच शिकावा लागतो, तोही अनेक फिल्म पाहून. चूक दोन्हीकडे महाग पडते: हवा नजरेतून निसटली तर जीव धोक्यात, घडीलाच हवा समजले तर धडधाकट छातीत नळी.

म्हणून हे माध्यम मोडीत काढायचे कारण नाही. दिसलेले शब्दांत मांडणे हेच रेडिओलॉजिस्टचे रोजचे काम. रिपोर्ट वाचणारा डॉक्टर कित्येकदा त्या शब्दांवरच निर्णय घेतो. जाणकार माणूस सावलीचे वर्णन कसे करतो, शंका कुठे नोंदवतो, हे ऐकून ती भाषा घडते. पॉडकास्टची कसोटी एवढीच: ऐकून झाल्यावर कोणती फिल्म कशासाठी पाहायची, हे श्रोत्याला कळले का?

खरी उणीव वेगळीच आहे. हे तिन्ही पॉडकास्ट इंग्रजीत आणि मुख्यतः डॉक्टरांसाठी आहेत. त्वचेची घडी टाळता येते ती कॅसेट सरकवताना, आणि ते हात तंत्रज्ञाचे असतात. ‘श्वास घ्या, धरून ठेवा’ हे तो मावळातल्या रुग्णाला मराठीतच सांगतो. ते नेमके केव्हा सांगायचे, पाठीखालची त्वचा कशी सरळ करायची, याचे दहा मिनिटांचे मराठी ध्वनिमुद्रण आणि सोबत दोन फिल्म, एवढे तर सहज करता येईल. तळेगाव दाभाड्यात वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथून सुरुवात व्हायला काय हरकत आहे? चित्र सोबत ठेवण्याचा धडा लोणावळ्याने शंभर वर्षांपूर्वी दिलाच आहे. आता तो मराठीत हवा.