क्षमायाचनेचे व्याकरण

औरंगपुऱ्यात राहणाऱ्या एका परिचित गृहस्थांच्या पुस्तकांच्या कपाटात, प्लास्टिकच्या पिशवीत घडी न मोडता ठेवलेले एक इंग्रजी वृत्तपत्र आहे. त्यांचा पुतण्या लंडनमध्ये नोकरीस असताना त्याने ते काकांसाठी मुद्दाम आणले. अंकावरील दिनांक १० जुलै २०११. ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’ या रविवारच्या वृत्तपत्राचा हा अखेरचा अंक. पहिल्या पानावर जुन्या मुखपृष्ठांची गर्दी आणि तिच्यावर ठळक अक्षरांत वाचकांचे आभार व निरोप. गेल्या पावसाळ्यात तो अंक त्यांनी माझ्या हाती दिला आणि म्हणाले, “फादर, जपून वाचा. याला पुढे किंमत येणार आहे.”

त्यांच्या बोलण्यात वावगे काहीच नव्हते. तरीही ते वाक्य माझ्या मनातून जाईना. ज्या वृत्तपत्राविरुद्ध अवघ्या ब्रिटनमध्ये संतापाची लाट उसळली आणि त्या लाटेत जे आठवडाभरात बुडाले, त्याचा शेवटचा अंक लोकांनी नेहमीपेक्षा अधिक संख्येने विकत घेतला. एरवी त्याचा खप सुमारे २६ ते २७ लाख प्रतींचा असे. त्या रविवारी तो ३८ लाखांच्या आसपास गेला. संतापलेल्या माणसाने दुकानात जाऊन एक पौंड मोजावा आणि संतापाचे कारण घरी नेऊन जपून ठेवावे, हे मला त्या प्रकरणातील सर्वांत विचार करण्याजोगे वाटते.

घटनाक्रम थोडक्यात सांगतो. हे वृत्तपत्र १ ऑक्टोबर १८४३ रोजी सुरू झाले. १९५० च्या सुमारास त्याचा खप ८० लाखांच्या पुढे होता. गुन्हे, लफडी, राजघराणे, नटनट्या आणि खेळाडू यांच्या खाजगी आयुष्यावर ते पोसले गेले. राजपुत्रांच्या परिवारातील व्यक्तींच्या मोबाइलमध्ये साठवलेले निरोप चोरून ऐकल्याबद्दल जानेवारी २००७ मध्ये त्याचा एक वार्ताहर आणि एक खाजगी गुप्तहेर तुरुंगात गेले. २००९ मध्ये ‘गार्डियन’ने लिहिले की हा प्रकार दोघांपुरता मर्यादित नाही, अनेक नामवंतांचे फोन असे ऐकले गेले आहेत. लोकांनी ते वाचले आणि पान उलटले.

मग ४ जुलै २०११ रोजी त्याच ‘गार्डियन’ने छापले की मिली डाउलर या १३ वर्षांच्या मुलीचा फोनही ऐकण्यात आला होता. ही मुलगी मार्च २००२ मध्ये नाहीशी झाली होती आणि पुढे तिचा खून झाल्याचे उघड झाले. ती बेपत्ता असताना तिच्या फोनवरील निरोप ऐकले गेले, इतकेच नव्हे तर काही पुसलेही गेले, आणि त्यामुळे ती जिवंत असावी अशी खोटी आशा आईवडिलांना वाटली, असे त्या वृत्तात होते. त्यानंतर मात्र कोणी पान उलटले नाही. जाहिरातदार मागे फिरले, संसदेत चर्चा झाली, ७ जुलैला वृत्तपत्र बंद करीत असल्याची घोषणा झाली आणि १० जुलैला सारे आटोपले.

१६७ वर्षांचे वृत्तपत्र सहा दिवसांत कोसळले, आणि जो तो म्हणाला की जनतेच्या सदसद्विवेकाचा विजय झाला. प्रस्तुत लेखकाला हा निष्कर्ष घाईचा वाटतो. २००९ मध्ये हा सदसद्विवेक कोठे होता? चोरी तीच, चोर तेच, चोरलेली वस्तूही त्याच जातीची. फरक एवढाच की आधी ज्यांच्या घराच्या भिंतीला कान लावला गेला ती माणसे प्रसिद्ध होती. आणि प्रसिद्ध माणसाला चव्हाट्यावर आणले तर त्याचे फारसे काही बिघडत नाही, किंबहुना त्याची ती लायकीच आहे, अशी आपणां सर्वांची एक सोयीस्कर समजूत असते. वृत्तपत्राने ही समजूत निर्माण केली नाही. तिच्यावर त्याने १६७ वर्षे उदरनिर्वाह केला.

आणखी एक गोष्ट येथे नोंदविली पाहिजे, कारण ती फारशी कोणी लक्षात ठेवलेली नाही. ज्या तपशिलाने लोकांच्या काळजाला हात घातला, तो म्हणजे निरोप पुसले जाणे आणि त्यातून उगवलेली खोटी आशा. डिसेंबर २०११ मध्ये पोलिसांच्या तपासातून असे पुढे आले की ते निरोप बहुधा त्या यंत्रणेतून आपोआप पुसले गेले असावेत. ‘गार्डियन’ने तसे प्रसिद्धही केले. फोन ऐकले गेले होते हे खरेच, आणि तेवढेही अक्षम्यच. परंतु जनक्षोभाचा जो अंगार होता, त्याच्या तळाशी अशी एक गोष्ट होती जी त्या वृत्तपत्राने बहुधा केलेलीच नव्हती. दुरुस्ती आली तेव्हा रस्त्यावर कोणी नव्हते.

आता त्या अंकाकडे वळू. त्यातील निरोपाचा अग्रलेख हा मला एक स्वतंत्र साहित्यप्रकार वाटला. त्यात इतिहासाची उजळणी आहे, पराक्रमांची यादी आहे आणि मध्येच, अंग चोरून उभी असलेली, क्षमायाचना आहे. आम्ही उच्च आदर्शांची मागणी केली, पण आमच्याकडे काम करणारे किंवा आमच्या नावाने काम करणारे काही जण त्या आदर्शांना उतरले नाहीत, आम्ही वाट चुकलो, असे म्हटल्यावर पुढचे वाक्य येते. त्याचा आशय असा की फोन चोरून ऐकले गेले आणि त्याबद्दल हे वृत्तपत्र मनापासून दिलगीर आहे. कोणी ऐकले? वाक्यात कर्ता नाही.

आपल्या मराठीत ‘मी चोरी केली’ हादेखील व्याकरणाच्या दृष्टीने कर्मणि प्रयोगच आहे. क्रियापद चोरीच्या मागे जाते. पण त्यात ‘मी’ वाक्याच्या तोंडाशी उभा असतो, त्याला लपण्यास जागा नसते. ‘चोरी केली गेली’ या नव्या कर्मणीत मात्र ‘मी’ सभ्यपणे खोलीबाहेर निघून जातो. हा प्रयोग इंग्रजीच्या सहवासाने आपल्याकडे बोकाळला. सरकारी पत्रकांत तो रुजला आणि, खेदाने सांगावे लागते, आमच्या धर्मप्रांतीय परिपत्रकांतही तो आढळतो. प्रायश्चित्त संस्कारासाठी येणारी लहान मुलेसुद्धा त्याचा आश्रय घेतात. “फादर, बरणी फुटली.” मी विचारतो, “कोणी फोडली?” मग जी शांतता पसरते, तिच्यातच त्या संस्काराचा आरंभ असतो. मिस्सेच्या प्रारंभीची पापकबुली प्रथमपुरुषी एकवचनात आहे, ‘आम्ही’ नव्हे, ते उगाच नाही.

त्याच अग्रलेखाची सुरुवात जॉर्ज ऑर्वेलच्या १९४६ मधील एका निबंधाच्या आधाराने केलेली आहे. रविवारी दुपारी भरल्या पोटी हे वृत्तपत्र उघडून बसलेला इंग्रज गृहस्थ त्या निबंधाच्या आरंभी भेटतो. संपादकांनी हे प्रशस्तिपत्रक म्हणून मिरवले आहे. तथापि त्या निबंधाचा खरा विषय वृत्तपत्र नसून तो गृहस्थ आहे. जेवण चांगले झाल्यावर त्याला खुनाची बातमी गोड का लागते, आणि कोणत्या प्रकारचा खून त्याला अधिक आवडतो, याची ती मिस्कील तपासणी आहे. निरोपाच्या दिवशी वाचकापुढे आरसा धरला गेला खरा, पण धरणाऱ्यांना तो पुरस्काराची ढाल वाटला.

पराक्रमांची यादी सर्वस्वी पोकळ नाही. २०१० मध्ये लॉर्ड्सवरील कसोटीत पाकिस्तानी खेळाडूंनी पैसे घेऊन नो-बॉल टाकल्याचे याच वृत्तपत्राने उघडकीस आणले आणि त्यापायी तिघे खेळाडू तुरुंगात गेले. तो शोध लावणारा वार्ताहर स्वतः २०१६ मध्ये वेगळ्या खटल्यात न्यायप्रक्रियेत अडथळा आणल्याबद्दल तुरुंगात गेला, हा पुढचा भाग. बालकांवर अत्याचार करणाऱ्या गुन्हेगारांची नावे छापण्याची २००० सालची मोहीमही अभिमानाने आठवलेली आहे. त्या उन्हाळ्यात पोर्टस्मथमध्ये जमाव घरांवर चालून गेला आणि वेल्समध्ये एका बालरोगतज्ज्ञ डॉक्टरच्या घरावर, दोन इंग्रजी शब्दांतील साम्यामुळे, शिवी रंगवली गेली. ही मोहीम जिच्या खून झालेल्या मुलीच्या नावाने चालली, त्या सेरा पेन यांनीही अखेरच्या अंकात वृत्तपत्राबद्दल कृतज्ञतेचा लेख लिहिला. त्या महिन्याच्या अखेरीस पोलिसांनी त्यांना कळविले की त्यांचाही फोन लक्ष्य झाला असण्याची शक्यता आहे. मी तो लेख हे ठाऊक असताना वाचला. त्यावर समीक्षा करण्याचे धैर्य मला झाले नाही.

वृत्तपत्र बंद करण्याच्या निर्णयालाही लोकांनी न्याय म्हटले. सुमारे २०० कर्मचारी बेकार झाले. त्यांपैकी बहुतेकांचा त्या जुन्या पापाशी संबंध नव्हता. जिच्या संपादकपदाच्या काळात मिली डाउलर प्रकरण घडले, ती बाई त्या वेळी कंपनीची मुख्य अधिकारी होती आणि आणखी आठवडाभर पदावर राहिली. २०१४ मध्ये न्यायालयाने तिला निर्दोष ठरविले, तिच्यानंतरच्या संपादकाला १८ महिन्यांची शिक्षा दिली. चोर सोडून संन्याशाला फाशी हा न्याय आपल्याला नवा नाही. आणि २६ फेब्रुवारी २०१२ रोजी त्याच मालकाचे ‘सन’ रविवारीही निघू लागले. पहिल्याच अंकाच्या ३० लाखांहून अधिक प्रती खपल्या. वाचकाची रविवारची दुपार साडेसात महिनेच सुनी राहिली.

तो अंक काखेत घेऊन मी त्या घराचा जिना उतरलो आणि मंडईच्या गर्दीतून महात्मा फुले यांच्या पुतळ्याजवळ आलो. तेथे मला आपल्याकडची एक जुनी हकिकत आठवली. कोल्हापूरचे दिवाण माधवराव बर्वे हे चौथ्या शिवाजी छत्रपतींचा छळ करीत आहेत, असे ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांनी काही पत्रांच्या आधारे लिहिले. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. पत्रे बनावट निघाली. टिळक-आगरकरांनी माफी मागितली, तरी जुलै १८८२ मध्ये दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली आणि डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढले. खटला चालू असताना जोतीरावांच्या सांगण्यावरून रामशेठ उरवणे यांनी १० हजार रुपयांचा जामीन दिला होता. मतभेद असूनही दिलेला तो हात आजही आपल्याला हलवून जातो. सुटका झाली तेव्हा लोकांनी दोघांचा सत्कार केला.

दोन प्रकरणांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, हे मी जाणतो. पुण्यात हेतू लोकहिताचा होता, संपादक स्वतः तुरुंगात गेले, त्यांनी कर्ता लपवला नाही. परंतु प्रश्न वृत्तपत्राचा नसून जनतेचा आहे, म्हणून एक गोष्ट विचारतो. आपल्या शाळांत ही हकिकत आपण सारे शिकलो. त्यांपैकी किती जणांनी कधी असा विचार केला की बनावट पत्रांवरून ज्यांच्यावर आळ आला, त्या बर्व्यांचे काय? तेथे जमाव सत्कारात दंग होता, लंडनमध्ये तो संतापात दंग होता. ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्याकडे पाहण्यास दोन्हीकडे सवड नव्हती.

सेमिनरीत नीतिशास्त्र शिकताना आम्हाला दोन पापांतील भेद शिकविला गेला. खोटा दोष लावणे हे एक, आणि खरा पण झाकलेला दोष विनाकारण उघड करणे हे दुसरे. ‘बातमी खरी होती’ हा बचाव पहिल्यापुरता चालतो, दुसऱ्याला नाही. संत थॉमस अक्वायनस तेथे थांबत नाहीत. ते पुढे ऐकणाऱ्याचा प्रश्न घेतात: निंदा ऐकून न अडवणारा त्या पापात सहभागी होतो, आणि जो निंदकाला प्रवृत्त करतो, किंवा द्वेषापोटी ज्याला ती गोड लागते, तो निंदकाहून कमी दोषी नाही, प्रसंगी अधिकच. विद्यार्थिदशेत मला हे अतिशयोक्त वाटले होते.

पुष्कळ वर्षांपूर्वी, मी ज्या धर्मग्रामात होतो तेथील एका शिक्षकाची मुलगी घरातून निघून गेली. गावच्या एका सायंदैनिकाने वडिलांचे नाव व शाळेचे नाव देऊन, पदरची प्रेमकहाणी जोडून ती बातमी पहिल्या पानावर छापली. मुलगी परीक्षेत नापास झाल्याच्या भीतीने मावशीकडे गेली होती. तिसऱ्या दिवशी आतल्या पानात दोन ओळींचा खुलासा आला. मी त्यांच्या घरी सांत्वनाला गेलो तो पहिल्याच संध्याकाळी. पण जाण्याआधी मी मुलाला पाठवून तो अंक मागविला होता, दारात उभ्या उभ्या शेवटच्या ओळीपर्यंत वाचला होता, आणि घडी करून झोळीत टाकला होता. प्रार्थनेसाठी पुस्तक काढताना तो अंकच आधी बाहेर आला. वडिलांनी तो पाहिला. ते काही बोलले नाहीत, मीही बोललो नाही. पुढच्या जूनमध्ये ते कुटुंब गाव सोडून गेले.

लंडनचा तो अंक मी परत करण्यास गेलो तेव्हा गृहस्थांनी पिशवीत घालण्यापूर्वी पाने मोजून पाहिली. पूर्ण होती. मग त्यांनी विचारले, “कसा वाटला, फादर?” मी म्हटले, “शेवटपर्यंत वाचला.”