बंद गाडीतली वीज

विजेवर चालणाऱ्या मोटारींची दुरुस्ती शिकवणाऱ्या ज्या पुस्तिका आणि तक्ते पाहण्यात आले, त्यांत नावांची रेलचेल आहे. बॅटरी, इन्व्हर्टर, मोटर, चार्जर. जुन्या तक्त्यातले इंजिन खोडून तिथे मोटर चिकटवावी, तसा हा प्रकार. विद्यार्थी नावे पाठ करतो, पासही होतो; पण उघडलेल्या गाडीला हात केव्हा लावायचा, हे त्याला कळत नाही.

पेट्रोल गाडीचा मेकॅनिक कान, नाक आणि बोटे यांच्या भरवशावर तयार होतो. टॅपेटचा आवाज, जळक्या तेलाचा वास. विजेच्या गाडीत ही इंद्रिये धोक्याची सूचना देत नाहीत. २००१ साली बंगळूरहून आलेल्या ‘रेवा’ची बॅटरी ४८ व्होल्टची होती, २०२० च्या विजेवरील टाटा ‘नेक्सॉन’मध्ये विभवांतर ३०० व्होल्टच्या वर गेले. मोटारींत एकदिश प्रवाहाचे ६० व्होल्टच्या पुढचे विभवांतर धोक्याचे धरतात. नारिंगी तारा त्यासाठीच असतात. शिवाय किल्ली काढून बॅटरीचा जोड तोडला, तरी इन्व्हर्टरमधल्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे धारित्रात, काही मिनिटे विद्युतभार उरू शकतो. (खुद्द बॅटरी तर कधीच ‘बंद’ नसते.)

हे सांगून पटत नाही, दाखवावे लागते. ४७०० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचे धारित्र घ्या. त्याची धन-ऋण टोके सांभाळून त्याला समांतर १० किलोओहमचा रोध जोडा, १२ व्होल्टच्या बॅटरीवर ते भारित करा आणि बॅटरी काढून घ्या. ४७ सेकंदांनंतरही मीटर सुमारे ४.४ व्होल्ट दाखवतो! बारावीच्या भौतिकीतला हा घातांकी आलेख गॅरेजमध्ये जीव वाचवतो, पण तो आपण फळ्यावरच सोडून येतो.

यानंतर मीटरची शिस्त शिकवावी. मीटर आधी चालू बॅटरीवर तपासायचा, मग बंद केलेल्या टोकांना लावायचा आणि पुन्हा चालू बॅटरीवर तपासायचा. ही तिसरी पायरी मुलांना फुकटची वाटते. पण मधल्या वेळात मीटरची तार तुटली असेल, तर त्याने दाखवलेले शून्य खोटे असते. रबरी हातमोजे फुगवून छिद्र शोधणे हाही याच शिस्तीचा भाग. पुस्तिकांनी हे सारे एका ओळीत उरकले आहे.

प्रात्यक्षिकाचे निम्मे गुण या तपासणीलाच ठेवावेत. १२ व्होल्टच्या जोडणीवर एखाद्या मीटरची तार मुद्दाम तुटकी ठेवावी आणि कोणाच्या लक्षात येते ते पाहावे.