हुंदक्याविना हलवणाऱ्या कादंबऱ्या

वाचताना गळा दाटून यावा असं हल्ली मराठीत कोणी लिहीत नाही, ही तक्रार ग्रंथालयाच्या काउंटरवर हमखास ऐकू येते. गेल्या वीस-बावीस वर्षांतल्या कादंबऱ्या वाचल्या तर ती टिकत नाही. आजचा ताकदीचा कादंबरीकार दुःखाबद्दल फारसा बोलत नाही. पात्राच्या हातात जे काम आहे, त्याच्या दावणीला जे जनावर आहे, ते तो दाखवतो आणि वाचक आपसूक हलतो.

कृष्णात खोत यांची ‘रिंगाण’ हे याचं ठळक उदाहरण. 2023चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळवणाऱ्या या कादंबरीत धरणामुळे गाव उठलं आहे, माणसं दुसरीकडे जाऊन पडली आहेत आणि मागे राहिलेली म्हैस आणायला देवाप्पा पुन्हा जुन्या मुलखात शिरतो. म्हैस एव्हाना रानटी झालेली. जिला पाळलं, तीच आता अंगावर येते. विस्थापनावर मराठीत याआधी विश्वास पाटील यांची ‘झाडाझडती’ आली होती. पुनर्वसनाचा सगळा कारभार, कागदपत्रं, अधिकारी असा तिचा पट मोठा. खोत तोच प्रश्न एक माणूस आणि एक जनावर यांच्यावर आणून ठेवतात. धरणग्रस्ताचं काय गेलं, हे त्या झटापटीतून जसं कळतं तसं कुठल्याही अहवालातून कळणार नाही.

देविदास सौदागर यांच्या ‘उसवण’मध्ये ही जागा शिलाई मशीनने घेतली आहे. तयार कपड्यांची दुकानं वाढली आणि गावोगावच्या टेलरकडे नवे कपडे शिवायला येणारं गिऱ्हाईक आटलं. हातात कसब आहे, पण त्याला मोल उरलेलं नाही. तुळजापूरचे सौदागर स्वतः शिवणकाम करत आले, त्यामुळे हा व्यवसाय त्यांना आतून ठाऊक आहे. 2024चा अकादमीचा युवा पुरस्कार या पुस्तकाला मिळाला. 2018चा युवा पुरस्कार मिळवणारी नवनाथ गोरे यांची ‘फेसाटी’ही याच वाटेवरची. जतच्या दुष्काळी भागातल्या मुलाची शिक्षणासाठीची ओढाताण तिथल्याच बोलीत येते. शहरी वाचक सुरुवातीला अडखळेल. चार पानं मोठ्याने वाचली की बोली कानात बसते.

शेतीबद्दल सांगायचं तर सदानंद देशमुख यांची 2002ची ‘बारोमास’ टाळून पुढे जाता येत नाही. एकनाथ शिकलेला, पण नोकरीसाठी द्यायला पैसे नाहीत आणि शेतीत भागत नाही. त्याच्या घरातली रोजची भांडणं एखाद्या आत्महत्येइतकीच वाचकाला अस्वस्थ करतात. आनंद विंगकर यांची ‘अवकाळी पावसाच्या दरम्यानची गोष्ट’ प्रत्यक्ष आत्महत्येकडे वळते आणि मागे उरलेल्यांपाशी थांबते.

ग्रामीण जगण्याबाहेरही हा जोर आहे. सचिन कुंडलकर यांच्या 2006च्या ‘कोबाल्ट ब्लू’त घरी राहायला आलेल्या एकाच तरुणावर भाऊ आणि बहीण दोघंही जीव लावतात, आणि तो दोघांनाही सोडून जातो. आधी तनय बोलतो, मग अनुजा. त्या तरुणाला लेखक नावच देत नाही. ही गाळलेली जागा पुस्तकभर सलत राहते. मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ आणीबाणीच्या काळातल्या नववीच्या वर्गात घडते; तिचं हसू आणि शेवटची हुरहूर दोन्ही खरी आहेत.

कविता महाजन यांनी ‘ब्र’मध्ये ग्रामपंचायतीत निवडून आलेल्या आदिवासी बायकांचं जग उभं केलं आणि ‘भिन्न’मध्ये एचआयव्हीबाधितांचं. 2018 मध्ये त्या गेल्या. बाईच्या सार्वजनिक जगण्याचा एवढा मोठा आवाका घेणारं लेखन त्यानंतर क्वचितच आलं, ही आजच्या कादंबरीतली मोठी उणीव आहे.

दोषही बोलले पाहिजेत. विषयाचा अभ्यास दांडगा असला की पुष्कळदा माहितीच कथेवर स्वार होते. ‘भिन्न’मध्ये काही ठिकाणी अहवाल वाचल्यासारखं वाटतं आणि ‘बारोमास’मधल्या चर्चा लांबतात. अशा पानांवर पात्रं मागे पडतात आणि लेखकाची तळमळ तेवढी पुढे येते. खोत आणि कुंडलकर यांची पुस्तकं आटोपशीर असूनही अधिक भिडतात, याचं कारण त्यांनी काय गाळायचं हे नेमकं ओळखलं.

नव्याने वाचायला बसणाऱ्याने ‘शाळा’पासून सुरुवात करावी, मग ‘कोबाल्ट ब्लू’, मग ‘उसवण’. एवढी तयारी झाल्यावर ‘रिंगाण’ घ्यावी. या सगळ्यांत ती सर्वांत सरस आहे. आणि गावच्या वाचनालयात ती नसेल, तर मागणी-वहीत तिचं नाव आजच लिहावं.