प्रतिसृष्टीचे वाचक : मराठी चित्रकथा, अद्भुतकथा आणि कुरखेड्याचे रान

चित्रकथा, म्हणजे ज्याला सर्वत्र कॉमिक म्हणतात तो प्रकार, आणि अद्भुत महाकथा, म्हणजे स्वतंत्र भूगोल, वंशावळी, दैवते व नियम असलेल्या कल्पित जगात घडणारी दीर्घ कादंबरी, या दोन्हींना मराठीत निष्ठावान वाचक पिढ्यान्‌पिढ्या लाभलेला आहे. हा वाचक अंक विकत घेतो, जपतो, बारा अंक एकत्र बांधून घेतो, रद्दीवाल्याकडे हरवलेल्या अंकाचा माग काढतो, आणि एखाद्या पात्राच्या आजोबांचे नाव कोणत्या भागात आले होते हे न चुकता सांगतो. त्याच्या या निष्ठेच्या तोडीचे मूळ मराठी लेखन मात्र फार थोडे झाले आहे. मराठी चाहत्याचे प्रेम बहुतेक काळ इतरत्र रचलेल्या आणि मराठीत उतरवलेल्या जगांवरच पोसले गेले, आणि या कलेच्या आजच्या स्थितीचा विचार याच विसंगतीपासून सुरू करावा लागतो.

अशा कल्पित जगासाठी मराठीत एक तयार शब्द आहे, तो म्हणजे प्रतिसृष्टी. त्रिशंकूला स्वर्गात जागा मिळेना तेव्हा विश्वामित्राने त्याच्यासाठी वेगळी नक्षत्रे रचली, ही कथा घराघरात माहीत आहे. इंग्रजी लेखक टॉल्किन यांनी 1939 साली परीकथांवर दिलेल्या व्याख्यानात लेखकाला अशाच दुय्यम सृष्टीचा कर्ता मानले आणि त्या सृष्टीला आतून सुसंगती हवी, ती असली तरच वाचकाचा तिच्यावर विश्वास बसतो, असा विचार मांडला. अद्भुत कथा आणि नुसती चमत्कारांची माळ यांतला फरक याच कसोटीवर ठरतो.

मराठी मुद्रणाच्या आरंभी अद्भुताला मानाचे स्थान होते, याचा विसर आता पडला आहे. वैजनाथशर्मा यांची ‘सिंहासन बत्तिशी’ 1814 साली श्रीरामपूरच्या छापखान्यात छापली गेली, म्हणजे मराठीतल्या अगदी पहिल्या छापील पुस्तकांत बोलक्या पुतळ्यांची गोष्ट आहे. पुढे कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी मराठीत आणण्यास सुरुवात केली, आणि लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांच्या ‘मुक्तामाला’पासून (1861) अद्भुतरम्य कादंबऱ्यांची रांग लागली. नंतर हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो’ने 1890 च्या सुमारास कादंबरीला माजघरात आणून बसवले. ते काम थोर होते, आणि त्याची किंमत कमी करण्याचे काहीच कारण नाही. परंतु त्यानंतरच्या समीक्षेने वास्तवाला प्रौढपणाचे आणि अद्भुताला बालिशपणाचे लक्षण ठरवून टाकले, आणि नाथमाधवांच्या ‘वीरधवल’सारखी वाचकप्रिय कादंबरीसुद्धा चर्चेच्या कडेलाच राहिली.

तरी एवढ्यावरून महाकथेची उणीव समजत नाही, कारण तिरस्कृत प्रकारही वाचकांच्या बळावर जगतात. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा तशाच जगल्या. खरे कारण असे दिसते की शपथ, वंश, वेढा, तलवार, विश्वासघात आणि राज्याची स्थापना यांची जी भूक महाकथा भागवते, ती मराठीत ऐतिहासिक आणि पौराणिक कादंबरीने आधीच भागवली. रणजित देसाईंची ‘स्वामी’ (1962) किंवा शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ (1967) वाचणाऱ्याला कल्पित राज्याची गरज वाटली नाही, कारण त्याच्या हाताशी खरे राज्य होते आणि शिवाय कुरुक्षेत्रही होते. या व्यवहारात एक गोष्ट मात्र हातची गेली. खांडेकरांच्या ‘ययाति’पासून पौराणिक कादंबरीने देवकथेतले मन घेतले आणि नवल बाजूला ठेवले, कर्ण माणूस म्हणून मोठा झाला, पण त्याच्या भोवतीचे विश्व लहान झाले.

जी. ए. कुलकर्णी यांनी ‘रमलखुणा’मधील (1975) ‘इस्किलार’ आणि ‘प्रवासी’ या दीर्घकथांत अनोळखी नावांचा, अनोळखी श्रद्धांचा प्रदेश उभा केला, आणि मराठीत प्रतिसृष्टीच्या इतक्या जवळ क्वचितच कोणी पोहोचले असेल. समीक्षेने त्यांचा अर्थ नियती, शोध आणि मानवी एकाकीपण यांच्या रूपकात शोधला. ते वाचन चुकीचे नव्हे, पण त्या प्रदेशात पुन्हा जाता येईल, तिथली दुसरी गोष्ट सांगता येईल, असे कोणाला वाटलेच नाही. चाहत्याचे वाचन नेमके इथे वेगळे पडते. त्याला रूपकाचा उलगडा झाला तरी पुरत नाही. त्या नगराच्या वेशीबाहेरचा रस्ता कुठे जातो, हे त्याला हवे असते.

ही हौस मोठ्या प्रमाणावर भागवली ती ‘चांदोबा’ने. मद्रासेत नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी 1947 साली तेलुगू व तमिळमध्ये सुरू केलेले हे मासिक 1952 मध्ये मराठीत आले. गोष्टी अनुवादित, चित्रे मात्र सर्व भाषांत तीच; त्यामुळे मराठी मुलाच्या मनातला राजवाडा, त्याचे गोपुर आणि राक्षसाच्या मिशा हे सारे दक्षिणेचे होते. शंकर या नावाने चित्रे काढणारे के. सी. शिवशंकरन यांनी रेखाटलेले विक्रम-वेताळाचे शीर्षचित्र जवळून पाहण्याजोगे आहे : खांद्यावर प्रेत, हातात उपसलेली तलवार, पायाखाली स्मशानाची जमीन, आणि राजाची मान किंचित मागे वळलेली. हा राजा चालतही आहे आणि ऐकतही आहे. चित्र महिनोन्‌महिने तेच राही, गोष्ट बदले, आणि शेवटी राजाने उत्तर देताच त्याचे मौन मोडे आणि प्रेत पुन्हा झाडावर जाई. पुनरावृत्तीतली ही गोडी, ठरलेल्या चौकटीत नवे काय येणार याची ही वाट पाहणे, हाच चाहतेपणाचा पहिला संस्कार होता.

दुसरा संस्कार इंद्रजाल कॉमिक्सचा. टाइम्स ऑफ इंडिया समूहाने मार्च 1964 मध्ये सुरू केलेल्या या मालिकेचे 1990 पर्यंत 803 अंक निघाले, आणि मराठीसह अनेक भारतीय भाषांत ते वाचले गेले. ली फॉक यांनी 1936 साली निर्माण केलेल्या फँटमला मराठीत ‘वेताळ’ हे नाव मिळाले, आणि अनुवादकलेतली ती मोठीच झेप होती. वेताळ म्हणजे भुतांचा राजा, आणि कोकण-गोव्यात गावाची सीमा राखणारा देवही. मेला तरी पुन्हा येणारा, रानात राहून न्याय करणारा बुरखेधारी त्या नावात असा बसला की तो परका असल्याचे वाचकाच्या ध्यानातच येईना. पुढे ‘हॅरी पॉटर आणि परीस’मधला परीस किंवा मुग्धा कर्णिक यांच्या टॉल्किन-अनुवादाचे ‘स्वामी मुद्रिकांचा’ हे शीर्षक यांनीही हीच वाट धरली. मुद्रिका म्हटले की अशोकवनात सीतेपुढे ठेवलेली खूण आठवते. अंगठी म्हटले असते तर सराफाचे दुकान आठवले असते.

परंतु नाव आपलेसे झाले म्हणून जग आपलेसे होत नाही, आणि हे कुरखेड्यासारख्या ठिकाणाहून जितके स्पष्ट दिसते तितके पुण्या-मुंबईहून दिसत नाही. सती नदीच्या काठचे हे गडचिरोली जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. रेल्वे वडशापर्यंतच, पुढे रस्ता सागाच्या आणि मोहाच्या रानातून जातो, आणि कोरची ओलांडली की छत्तीसगड लागते. घरात झाडीबोली किंवा गोंडी, शाळेत प्रमाण मराठी आणि पलीकडून येणारी हिंदी अशा तीन-चार भाषांत वावरणाऱ्या इथल्या वाचकाच्या हाती वेताळाचा अंक पडतो तेव्हा त्यात रान असते, ढोल असतात, रानातले लोक असतात. पण ते रान डेंकाली या कल्पित देशातले आहे, आणि तिथल्या लोकांचे रक्षण पिढ्यान्‌पिढ्या एक गोरा पुरुष कवटीच्या गुहेतून करतो. रानातली माणसे त्या कथेत भक्त आहेत, दूत आहेत, कर्ती मात्र नाहीत. रानात राहणाऱ्या वाचकाने ही कथा प्रेमाने वाचावी यात त्याचा काहीच दोष नाही, उलट त्याच्या कल्पनाशक्तीचे ते औदार्य आहे. मात्र रानातली माणसे कर्ती का नाहीत, हा प्रश्न समीक्षेने पन्नास वर्षांपूर्वीच विचारायला हवा होता.

कारागिरीची उणीव तर कधीच नव्हती. अमर चित्र कथेच्या (1967) पानांवर राम वाईरकर, प्रताप मुळीक, दिलीप कदम असे मराठी हात राबले. राज कॉमिक्सच्या नागराजचे सुरुवातीचे अनेक अंकही मुळीकांनीच रेखाटले. चित्रकार मराठी, संहिता इंग्रजी किंवा हिंदी, आणि मराठी आवृत्ती मागाहून : हा क्रम इतका रुळला की तो कोणाला खटकेनासा झाला. आजही गोव्यात वाढलेल्या अमृता पाटील यांचे ‘आदि पर्व’ (2012) आणि ‘सौप्तिक’ हे महाभारतावरचे समर्थ चित्रग्रंथ इंग्रजीत आहेत. नारायण धारपांच्या भयकथेपासून बीज घेतलेला ‘तुंबाड’ (2018) हा चित्रपट हिंदीत आहे, जरी त्यातले गाव, पाऊस आणि वाडा सारे मराठी आहे. मूळ मराठी चित्रमालिकेचे घवघवीत उदाहरण म्हणजे चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ (1991), पण तो तीन-चार चौकटींत संपणारा विनोद आहे. त्याचे यश दीर्घ चित्रकथेला वाट करून देऊ शकले नाही.

विज्ञानकथेशी तुलना केली की काय उणे पडले ते कळते. मराठी विज्ञान परिषदेने कथास्पर्धा ठेवली, जयंत नारळीकरांनी 1974 साली टोपणनावाने ‘कृष्णविवर’ पाठवून पारितोषिक मिळवले, आणि मासिकांनी, दिवाळी अंकांनी तो प्रकार उचलून धरला. स्पर्धा, संपादक आणि नियमित जागा या तीन आधारांवर तो उभा राहिला. अद्भुत महाकथेला यांपैकी एकही आधार सातत्याने मिळाला नाही. चित्रकथेला तर चित्रकाराचे महिनोन्‌महिन्यांचे मानधन लागते, जे एका दिवाळी अंकाच्या हिशेबात बसत नाही.

आता कुरखेड्याकडे पुन्हा पाहावे लागते, कारण ज्या वस्तू महाकथेचा लेखक कष्टाने रचतो त्या इथे जित्या आहेत. गोंड परंपरेत पहांदी पारी कुपार लिंगोची दीर्घ गाथा आहे. गुहेत कोंडलेल्या कोया वंशजांची मुक्तता, त्यांची कुळांत विभागणी आणि धर्माची स्थापना असा तिचा विस्तार आहे, आणि गोंदिया जिल्ह्यातल्या कचारगडच्या गुहेशी तो जोडलेला असल्याने माघ पौर्णिमेला तिथे यात्रा भरते. चार, पाच, सहा आणि सात देवांची कुळे, त्यांवरून ठरणारी सोयरीक, प्रत्येक कुळाचे पेन म्हणजे देव, ही व्यवस्था इतकी सुसंगत आहे की टॉल्किनची कसोटी तिला लावण्याची गरजच उरत नाही. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी टिपून घेतलेली ही गाथा रिचर्ड टेंपल यांनी 1866 साली छापली, आणि 1871 मध्ये फोर्साइथ यांनी तिचे इंग्रजी पद्यात रूपांतर केले. मराठी साहित्यव्यवहाराला मात्र ती बराच काळ मानववंशशास्त्राची सामग्रीच वाटत राहिली.

दीर्घ कथेवर रात्र घालवणारा प्रेक्षकही इथे आहे. वडसा ज्याचे केंद्र आहे त्या झाडीपट्टी रंगभूमीचे नाटक दिवाळीनंतरच्या मंडईपासून पुढे गावोगाव रात्री उशिरा सुरू होते आणि पहाटेपर्यंत चालते. कुरखेडा तालुक्यातील गुरनोलीचे परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीवरील कामासाठी. जुन्या दंडारीत, म्हणजे इथल्या लोकनाट्यात, पुराणातल्या नवलाला जागा होती. आजच्या नाटकात कुटुंब, हुंडा आणि प्रेम यांचे राज्य आहे. कादंबरीत घडले ते रंगभूमीवरही घडले, फक्त शंभरेक वर्षे उशिरा.

इथे एक सावधगिरी बाळगणे आवश्यक आहे. लिंगोची गाथा श्रद्धेचा विषय आहे. ती कल्पितकथा नव्हे, आणि शहरातल्या लेखकाने नवे जग हवे म्हणून तिच्यातून हवे ते उचलून न्यावे हे वेताळाच्या गुहेचेच दुसरे रूप होईल. ती कोणी, कोणत्या भाषेत आणि किती मोकळेपणाने सांगावी, हे ठरवण्याचा अधिकार ती गाणाऱ्या प्रधान-पाठाड्यांचा आणि ती जगणाऱ्या कोयतुरांचा, म्हणजे गोंडांचा आहे.

सांगण्याची सूत्रे गोंड कलावंतांच्या हाती आल्यावर चित्रकथेचे व्याकरणच कसे बदलते, याचा पुरावा मात्र हाती आहे. मध्यप्रदेशातील प्रधान गोंड चित्रकार दुर्गाबाई आणि सुभाष व्याम यांनी रेखाटलेला ‘भीमायन’ (2011) हा डॉ. आंबेडकरांच्या जीवनावरील चित्रग्रंथ आहे, म्हणजे विषय मुख्यतः महाराष्ट्राचा. या दोघांनी माणसांना चौकोनात कोंडणे नाकारले. भिंतीवर आणि अंगणात काढल्या जाणाऱ्या डिगना या नक्षीच्या वळणदार पट्ट्यांनी त्यांनी पान विभागले, त्यामुळे प्रसंग एकमेकांपासून तुटत नाहीत, पाण्यासारखे शेजारी वाहतात. संवादाचा फुगाही त्यांनी तसाच ठेवला नाही. सौम्य बोलणे पक्ष्याच्या आकारात येते. आणि तहानलेल्या मुलाला पाणी नाकारणाऱ्याच्या तोंडचे शब्द ज्या फुग्यात आहेत, त्याच्या शेपटाला विंचवाची नांगी आहे.