‘९५ टक्के अचूक’ वाचलंत? आधी शेतं मोजा

पीक सेंद्रिय आहे की नाही, हे त्यातल्या मूलद्रव्यांवरून ओळखता येतं, असं सांगणारे पेपर तुम्ही वाचले असतील. पद्धत ठरलेली: आयसीपी-एमएसवर जस्त, मँगनीज, कॅडमियम वगैरे मोजायचं, आकडे मॉडेलला द्यायचे आणि आलेखात दोन सुबक गट दाखवायचे.

कल्पना पोकळ नाही. स्फुरदयुक्त खतांतून कॅडमियम मातीत येऊ शकतं. स्फुरद जास्त झालं की मुळांवरची मायकोरायझा बुरशी कमी होते आणि पिकाला जस्त कमी मिळू शकतं. पण मँगनीज किती मिळेल, हे मातीच्या सामूवरही ठरतं. मग एका सेंद्रिय शेतातले ३० आणि एका रासायनिक शेतातले ३० नमुने घेतले, तर मॉडेल नक्की काय ओळखतंय? शेतीची पद्धत की माती? नमुने ६०, पण शेतं दोनच! खरी परीक्षा म्हणजे मॉडेलने न पाहिलेलं शेत आणि न पाहिलेला हंगाम.

नायट्रोजनच्या समस्थानिकांचा पुरावा जास्त भक्कम वाटतो. युरियातला नायट्रोजन मुळात हवेतला, म्हणून डेल्टा-१५-एन शून्याच्या आसपास. शेणखतातून हलका नायट्रोजन अमोनिया होऊन उडतो, म्हणून तिथे आकडा चढतो. पण तागसुद्धा हवेतलाच नायट्रोजन घेतो ना! म्हणजे तागाच्या हिरवळीच्या खतावर प्रामाणिकपणे पिकवलेला गहू ‘रासायनिक’ ठरू शकतो.

ही चाचणी संशय दाखवते, निकाल देत नाही. सारांश लिहिताना हा फरक पुसू नका. चूक आपली असते, फसवणुकीचा शिक्का मात्र शेतकऱ्यावर बसतो.