‘तपासले’ या शेऱ्याची किंमत

जेरोम सॉल्टझर, डेव्हिड रीड आणि डेव्हिड क्लार्क यांचा १९८४चा ‘एंड-टू-एंड’ निबंध संगणक-जाळ्यांच्या शास्त्रात प्रमाण मानला जातो. मजकूर बिनचूक पोहोचला की नाही, याची अखेरची खातरजमा तो वापरणाऱ्यानेच करावी. वाटेतल्या तपासण्या वेगाला मदत करतात, हमी देत नाहीत, हा त्याचा सिद्धान्त. त्यातला दाखला मुद्रितशोधकालाही पटेल. एमआयटीतल्या एका दुवा-संगणकात नक्कल होताना दहा लाख बाइटांमागे साधारण एकदा बाइटांच्या जोडीची अदलाबदल होई. अखेर मालकांना जुन्या छापील प्रतींशी मजकूर हाताने ताडून पाहावा लागला.

निबंध थरांच्या चुका ओळखतो. पण थराने दिलेल्या खोट्या ग्वाहीचा विचार त्यात अपुरा वाटतो. चेकसम म्हणजे पाकिटातल्या मजकुराची १६ बिटांत मावणारी बेरीज. पुढे वेगासाठी ती मांडण्याचे काम मुख्य प्रोसेसरकडून नेटवर्क कार्डाकडे गेले. आता वरच्या थराला बेरीज दिसत नाही, ‘तपासले’ एवढा शेरा दिसतो.

त्या शेऱ्यावर किती विसंबावे? जोनाथन स्टोन आणि क्रेग पार्ट्रिज यांना २००० साली आढळले, की तारेवरची सीआरसी तपासणी असूनही १,१०० ते ३२,००० पाकिटांमागे एक पाकीट चेकसमला उतरत नाही. म्हणजे बिघाड तारेइतकाच यंत्रांच्या पोटातही होतो. कार्डाने बेरीज पडताळल्यावर स्मृतीपर्यंतच्या प्रवासात काही बिघडले, तर त्या शेऱ्याला ते कळतच नाही.

लिनक्समधल्या ‘व्हीईथ’ या आभासी कार्डाने तर अर्थच फिरवला. पाकिटे याच यंत्रात जन्मतात, असे गृहीत धरून ते ‘तपासलेले नाही’ हा शेरा ‘तपासण्याची गरज नाही’ असा बदलत होते. बाहेरून आलेले बिघडलेले पाकीट त्यामुळे कंटेनरमधल्या प्रोग्रामपर्यंत बिनबोभाट पोहोचे. २०१५च्या अखेरीस त्या मोजक्या ओळी काढल्या गेल्या.

‘टोके कोणती, हे नीट ठरवा’ असे निबंध बजावतो, हे त्याचे श्रेय. परंतु थरावर थर चढले की प्रत्येक थर स्वतःला टोक समजू लागतो. तेव्हा सिद्धान्ताला एक पोटकलम जोडायला हवे: ज्याने स्वतः पडताळले नाही, त्याने शेरा जसाच्या तसा पुढे द्यावा, सुधारू नये. आणि ज्याचा विदा मोलाचा, त्याने आपली बेरीज स्वतः मांडावी.